संग्रह आणि स्वामित्व

जुन्या भांड्यांची मोड घेणारा दुकानदार भांडें हातांत घेतल्यावर त्याचा घाट पाहत नाहीं, त्याचें वजन पाहतो. यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. ज्या व्यवहारासाठीं तो बसलेला असतो त्या व्यवहारांत घाटाला भाव नसतो, पितळेला असतो. दोष असलाच तर तो तराजूच्या अलीकडे, भांडें घेऊन येणाऱ्याच्या बाजूस असतो. त्या बाजूस एकदां आम्ही उभे होतों. त्या गोष्टीला आतां बावीस वर्षें झालीं. ती आज सांगण्याचें कारण असें कीं, तिच्यामधून निघालेल्या एका प्रश्नानें गेले कांहीं महिने आमचा पिच्छा पुरविला आहे. कायद्याच्या पुस्तकांत तो प्रश्न केव्हांच सुटलेला आहे. मनांत मात्र तो सुटत नाहीं. जुनी वस्तु कोणाची, हा तो प्रश्न होय.

हकीकत थोडक्यांत अशी. वाईस कृष्णेच्या घाटाजवळ आमचें वडिलोपार्जित घर होतें. वडील वारल्यावर तें विकणें भाग पडलें आणि आईला घेऊन आम्ही भाईंदरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडीं आलों. दोन खोल्यांत घंगाळ, बंब, हंडे, पराती आणि डझनावारी पातेलीं कोठें ठेवावयाचीं? आम्हीं तीं सर्व मोडीत घातलीं. त्यांतच माजघरांतला लामणदिवा होता. त्याच्या साखळीवर एक मोर होता व त्याची मान किंचित् मागें वळलेली होती. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त ती साखळी दिव्याभोंवतीं नीट गुंडाळून दिली. आलेल्या पैशांत आम्हीं स्टीलचा नवा संच घेतला. स्टीलचीं भांडीं करण्याचा धंदा हा भाईंदरचा एक प्रमुख धंदा आहे. तेव्हां तो संच आमच्याच गांवचा असण्याचा पुष्कळ संभव आहे. आपण शहाणपणाचा व्यवहार केला असें त्या दिवशीं आम्हांस वाटलें, आणि पुढें कित्येक वर्षें तसें वाटत राहिलें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलीला घेऊन आम्ही पुण्यास गेलों होतों. बाजीराव रस्त्याच्या गर्दीतून नातूबागेकडे वळलें कीं राजा दिनकर केळकर संग्रहालय लागतें. शुक्रवार पेठेची ती भर वस्ती. जवळच तुळशीबाग, जवळच मंडई; दुकानांतून अजून पितळेच्या समया आणि घंटा टांगलेल्या दिसतात. संग्रहालयांत दिव्यांच्या कपाटापुढें मुलगी थबकली. आमच्या घरीं एक जुनें छायाचित्र आहे. त्यांत आमची आजी माजघरांत बसलेली असून तिच्या डोक्यावर तो मोराचा दिवा लोंबतांना दिसतो. कपाटांतला दिवा त्याच घाटाचा होता. मुलगी म्हणाली, “बाबा, हा आपल्या फोटोतला दिवा ना? मग आपला कुठं आहे?” आम्हीं सांगितलें, विकला. “कोणाला?” मोडीत. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पण तो आजींचा होता ना? तुम्ही कसा विकलात?”

याचें कायद्याचें उत्तर सोपें आहे. आजीमागून वडील आणि वडिलांमागून आम्ही वारस. वारसास विक्रीचा अधिकार आहे. परंतु हें उत्तर आमच्या ओठांवर आलें नाहीं. ज्या जागीं आम्ही उभे होतों त्या जागेचा तो प्रभाव असावा. कारण त्या संग्रहालयाचा इतिहास म्हणजे ‘माझें’ या शब्दाचा अर्थ एका मनुष्याच्या हातून हळूहळू बदलत गेल्याचा इतिहास आहे. तो इतिहास वाचकांपुढें ठेवल्याशिवाय आमच्या प्रश्नाचा विचार करतां येणार नाहीं.

आपल्या प्रांतांत वस्तुसंग्रहालयें प्रथम सरकारच्या आश्रयानें निघालीं. भायखळ्याचें व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट म्युझियम १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. तेंच आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय होय. देशांतला माल व देशांतली कारागिरी एके ठिकाणीं मांडून दाखवावी, हा त्याच्या उभारणीमागील एक मुख्य हेतु होता. पुढें १९२२ सालीं मुंबईच्या कोटांत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडलें. त्यास आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. दुसरा मार्ग संस्थानिकांचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ सालीं औंधास श्रीभवानी संग्रहालय स्थापिलें. राजा रविवर्म्याचीं चित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें मातृशिल्प हीं दोन्हीं साताऱ्याकडील एका लहान गांवीं एका छपराखालीं पाहावयास मिळावीं, ही गोष्ट अजूनहि नवल वाटावी अशीच आहे. तिसरा मार्ग विद्वानांचा. इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें आणि वाड्यावाड्यांतून पडलेलीं दप्तरें वाळवीच्या तोंडून सोडविलीं.

दिनकर गंगाधर केळकर हे सरकार नव्हते, राजे नव्हते आणि रूढ अर्थानें इतिहाससंशोधकहि नव्हते. त्यांचा जन्म १८९६ सालचा. चरितार्थासाठीं चष्म्यांचा व्यवसाय आणि आवडीनें काव्य, असा त्यांचा पेशा. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्या वस्तू कोणत्या, हें मुख्यतः लक्षांत घेण्यासारखें आहे. दिवे, अडकित्ते, कुलुपें, दौती, पानाचे डबे, फण्या, पाय घासण्याच्या वज्र्या, स्वयंपाकाचीं भांडीं, वाद्यें, कोरीव दारें. त्यांतील बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील. राजवाडे कागद वाचवीत होते, कारण कागदांत राज्यांचा इतिहास होता. अडकित्त्यांत कोणाचा इतिहास आहे? ज्यांनीं तो घडविला त्यांचा आणि ज्यांनीं तो रोज वापरला त्यांचा. या दोन्ही जातींच्या माणसांचें नांव कोणत्याहि बखरींत येत नाहीं. खरे अज्ञातवासी तेच.

चाळीस वर्षें हा उद्योग चालला. मध्यमवर्गीय संसारांतून पैसा काढावयाचा, गांवोगांव हिंडावयाचें आणि आणलेलें राहत्या घरांत रचावयाचें. पत्नी कमलाबाई यांची साथ नसती तर हें घडतें ना. घरांत अडगळ वाढते म्हणून भांडणारी गृहिणी आपणां सर्वांस परिचित आहे, व तिची तक्रार रास्तहि असते. त्या अडगळीची राखण करणारी गृहिणी विरळा. १९६० च्या सुमारास संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या घरांत गेला होता. केळकरांचा एकुलता मुलगा राजा हा सातव्या वर्षीं वारला होता. संग्रहास त्यांनीं त्याचें नांव दिलें, आणि १९६२ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. त्यानंतरहि ते थांबले नाहींत. १९९० सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, ते वारले. आज संग्रहांत वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकीं सुमारें अडीच हजार मांडलेल्या आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषहि तेथें आणून पुन्हां उभे केलेले आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सुपारी फोडण्यास दोन पातीं आणि एक खिळा पुरे आहे. मग अडकित्त्याच्या पात्यावर घोडा कां धांवतो, मुठीवर पोपट कां बसतो? तेल आणि वात धरण्यास एक वाटी पुरे आहे. मग साखळीवर मोर कां? गिऱ्हाइकानें धातूचे पैसे दिले, मजुरीचे दिले. मोराची मागणी केली असेल तर तिचेहि दिले असतील. पण त्या मोराची मान मागें वळलेली असावी, हें कोणत्याहि सौद्यांत ठरलेलें नसतें. कारागीर जेवढें देणें लागत होता त्याहून त्यानें अधिक दिलें. हें अधिक त्यानें कोणाला दिलें? गिऱ्हाइकाला म्हणावें तर गिऱ्हाईक दहा-वीस वर्षांत जाणार आणि वस्तु दोनशें वर्षें राहणार, हें त्यास ठाऊक होतें. आमच्या मतें तें दान कोणा एकाच्या नांवें नाहीं. जो जो ती वस्तु पाहील त्याच्या नांवें तें आहे.

असें असेल तर कोणत्याहि घडीव वस्तूंत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक धातु, दुसरा घाट. धातूची खरेदीविक्री होऊं शकते, त्यास वारस असतात, त्याचें वजन करतां येतें. घाटाचें स्वामित्व मात्र कोणाकडेच नसतें. असलेंच तर विश्वस्तपण असतें. आमच्या हातून अपराध झाला तो पितळ विकण्याचा नव्हे. पितळेबरोबर, आमचें नसलेलें असें कांहींतरी आम्हीं वितळविण्यास दिलें, हा तो अपराध.

या विचारावर आक्षेप येतील, आणि ते सहज झटकून टाकण्यासारखे नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, संग्रहालय वस्तूला वांचवीत नाहीं, तिचें प्रेत जपतें. दिव्याचें जीवित तेलवातींत आहे. कांचेआड टांगलेला दिवा, जो कधीं लागावयाचा नाहीं, तो दिवा कसला? पूजेंतून उठविलेला देव, ज्यावर कोणी सुरें धरीत नाहीं असें वाद्य, ज्याला भिंत नाहीं असें दार, हीं पाहतांना आमच्याहि मनाला एक प्रकारची उदासी येते हें आम्ही नाकारीत नाहीं. वापर हेंच वस्तूचें सार्थक, हें खरें. पण हा आक्षेप घेणाऱ्यानें एक हिशेब पाहावा. जे दिवे वापरांत राहिले ते आज कोठें आहेत? पुष्कळसे आमच्या दिव्याच्या वाटेनें गेले. वीज आली, घरें लहान झालीं, घासण्यास माणूस मिळेना. वापर संग्रहालयानें थांबविला नाहीं, तो आपण थांबविला. संग्रहालय वापराच्या आड येत नाहीं. वापर संपल्यानंतर आणि भट्टी पेटण्यापूर्वी जो थोडा अवधि असतो, तेवढ्या अवधींत तें येऊन पोहोंचतें. केळकर त्या अवधींत धांवत होते.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे. संग्राहकाच्या हातीं चांगली वस्तु येते ती बहुधा दुसऱ्याच्या वाईट दिवसांत येते. वाडा विकला जातो, मुलीचें लग्न निघतें, दुखणें येतें, आणि मग पेटींतलें बाहेर निघतें. पडत्या काळीं विकणाऱ्याकडून घेणें कितपत न्याय्य? येथें केळकर असोत कीं जगांतील कोणताहि संग्राहक असो, त्याच्या हेतूची शुद्धता ही पूर्ण उत्तर होऊं शकत नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावेसें वाटतें कीं, या व्यवहाराची कसोटी त्या दिवशीं लागत नाहीं, ती पुढें लागते. घेणाऱ्यानें ती वस्तु नफ्यानें विकली तर त्यानें दुसऱ्याच्या अडचणीचा व्यापार केला. स्वतःच्या दिवाणखान्यांत ठेवली तर दुसऱ्याच्या अडचणीचा दागिना केला. पण ती त्यानें सर्वांच्या स्वाधीन केली, तर ज्या घरांतून ती निघाली त्या घरच्या नातवालाहि ती पुन्हां पाहण्याचा मार्ग मोकळा झाला. ऋण पुरतें फिटलें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या घराच्या हाताला ती लागत नाहीं. आणि कपाटांतल्या चिठ्ठीवर घाटाचें व शतकाचें नांव असतें, ज्या बाईनें ती पन्नास वर्षें घासली तिचें नसतें. तरी पण जें फेडण्यासारखें होतें तें १९६२ सालीं फेडलें गेलें.

कित्येक लोक केळकरांची गोष्ट सांगतांना मुलाच्या मृत्यूवर थांबतात आणि संग्रहाचा सारा उगम त्या दुःखांत शोधतात. बापाच्या मनांत काय होतें याची चर्चा परक्यानें करूं नये. आम्हांस त्या हकीकतींत दुसरीच एक गोष्ट दिसते. ज्यास आपल्या वस्तू देण्यास मुलगा उरला नाहीं, अशा मनुष्यापुढें दोन वाटा असतात. त्या वस्तूंना अधिक घट्ट कवटाळून बसावें ही एक. वारस या शब्दाचा अर्थ वाढवावा ही दुसरी. केळकरांनीं दुसरी वाट धरली. आयुष्यभर जमविलेलें ‘माझें’ त्यांनीं जिवंतपणीं, धडधाकट असतांना दिलें, व देऊन झाल्यावरहि त्यांत भर घालीत राहिले. म्हणजे आपल्या नसलेल्या वस्तूंसाठीं ते पूर्वीइतक्याच हौसेनें झटत होते. स्वामित्व सुटलें आणि प्रेम तसेंच राहिलें, अशीं उदाहरणें संसारांत थोडीं.

तिसरा आक्षेप समाजाच्या बाजूनें येतो. जुन्या वस्तूंची काळजी राष्ट्रानें घ्यावी, सामान्य गृहस्थानें त्यासाठीं जीव कां टाकावा? राष्ट्र काळजी घेतें, पण कशाची, हें पाहा. घारापुरीच्या ज्या दगडी हत्तीवरून त्या बेटास एलिफंटा हें नांव पडलें, तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटींत फुटला; त्याचे तुकडे पुढें जोडण्यांत आले आणि आज तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशीं उभा आहे. २०२५ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावांत निघाली, तेव्हां महाराष्ट्र शासनानें ती मिळवून परत आणली. हें योग्यच झालें. आम्हांसहि त्याचा अभिमान वाटला. पण तलवारीसाठीं लिलावांत बोली लागते. आजीच्या अडकित्त्यासाठीं लंडनला बोली लावण्यास कोण जाणार? तो लंडनला गेलेलाच नसतो. तो गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या दुकानापर्यंतच जातो, आणि त्याचें परदेशगमन तेथेंच पुरें होतें. पराक्रमाच्या वस्तू राष्ट्र सांभाळील. संसाराच्या वस्तू संसार करणाऱ्यांनींच सांभाळावयास हव्यात. केळकरांचा मोठेपणा असा कीं, ही दुसरी जबाबदारी कोणाची तरी आहे हें त्यांना प्रथम सुचलें.

हा विचार घेऊन आम्ही भाईंदरला परत आलों, आणि आमच्याच गांवाकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. मीरा-भाईंदर हें नांव महानगरपालिकेच्या रूपानें २००२ पासूनचें; पण गांवें जुनीं आहेत. खाडीकांठचीं मिठागरें, उत्तनचे कोळी, डोंगरी व चौक येथील ख्रिस्ती वस्ती, घोडबंदरचा किल्ला, यांचा काळ आमच्या इमारतींच्या काळाहून फार मागचा. २०११ च्या खानेसुमारींत येथील वस्ती आठ लाखांवर गेली होती, आणि त्यांतील बहुतेक आमच्यासारखे, दुसरीकडचें घर मोडून आलेले. आम्हीं येथें येतांना काय काय टाकून दिलें याची यादी कोणी केली तर तिच्यांत अर्ध्या हिंदुस्थानचा संसार सांपडेल. आणि जें येथलेंच आहे, मिठागरांत मीठ ओढण्याचें लांकडी अवजार, कोळिणीची टोपली, होडी बांधणाऱ्याच्या पेटींतलीं हत्यारें, तें गोळा करणारा आज कोणी नसेल तर उद्यां गोळा करण्यास तें उरणारहि नाहीं. इमारत लागेल, निधि लागेल, हें सर्व खरें आहे. पण शुक्रवार पेठेंतहि आधीं इमारत नव्हती. आधीं एक चष्मेवाला होता, ज्याला अडकित्ता पाहण्यासारखा वाटला.

येथवर लिहून आम्ही लेख संपविणार होतों. मधल्या काळांत एक गोष्ट घडली, ती मात्र सांगितलीच पाहिजे. आमच्या आत्या साताऱ्यास असतात. वय नव्वदीच्या पुढें, पण स्मरण उत्तम. मुलीच्या प्रश्नानें अस्वस्थ होऊन आम्हीं त्यांस विचारलें कीं, तो मोराचा दिवा आजीला माहेरून आला होता कीं काय. आत्या हसल्या. “अरे, तो दिवा आपला कुठला! शेजारच्या काकू मुलाकडं नागपूरला निघाल्या, तेव्हां आईपाशी ठेवून गेल्या. परत आले कीं नेईन म्हणाल्या. त्या कुठल्या परत यायला! आई मात्र दर शनिवारीं तो उतरवून चिंचेनं घासायची. मी म्हणायची, एवढा कशाला घासतेस? तर म्हणायची, दुसऱ्याची वस्तु आहे, डाग पडतां कामा नये.”

तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें आम्हीं तीस वर्षें शिकविलीं आहेत. स्वामित्व म्हणजे काय यावर लॉकपासून पुढें अनेकांचीं मतें आम्हांस तोंडपाठ आहेत. मनुष्य आपले श्रम ज्यांत मिसळतो तें त्याचें, हें त्यांतलें एक. त्या न्यायानें दर शनिवारच्या श्रमांनीं तो दिवा आजीचाच झाला होता. आजीला मात्र तसें कधीं वाटलें नाहीं. आमच्या घरांत जी वस्तु सर्वांत निगुतीनें सांभाळली गेली ती आमची नव्हती. आणि ती आमची आहे असें आम्ही ज्या दिवशीं समजलों, त्या दिवशीं ती मोडीत गेली. धातु आणि घाट यांविषयीं जें आम्हीं वर एवढा युक्तिवाद करून लिहिलें, तें त्या बाईला चिंचेचा कोळ हातांत असतांना ठाऊक होतें. आई त्या दिवशीं कांहीं कां बोलली नाहीं, तिला हें माहीत होतें कीं नव्हतें, हें विचारण्यास आतां ती नाहीं.

सगळेंच ठेवतां येत नाहीं, हें दोन खोल्यांत राहिलेल्या मनुष्यास कोणी शिकवूं नये. प्रत्येक घराचें संग्रहालय झालें तर जिवंत माणसांनीं राहावें कोठें? केळकरांच्या संग्रहांतहि मांडलेल्या वस्तूंपेक्षां कपाटांत बंद असलेल्या वस्तू कितीतरी पट अधिक आहेत. तेव्हां टाकणें हें पाप, असा नियम आम्ही करूं इच्छीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तराजूंत घालण्यापूर्वी ती वस्तु एकदां हातांत घ्यावी, आणि ती आपल्याकडे कशी आली हें घरांतल्या सर्वांत वडील माणसास विचारावें. आम्हीं तेवढें विचारलें असतें तरी तो दिवा निदान त्या दिवशीं तराजूंत पडला नसता. नागपूरचा पत्ता मिळाला असता कीं नाहीं तें सांगवत नाहीं. आज तो शोधण्यांत अर्थ नाहीं, कारण परत करावयास दिवाच नाहीं.

घरांत एक अडकित्ता राहिला आहे. आईला शेवटपर्यंत सुपारी लागत असे म्हणून तो मोडींतून सुटला. मागील आठवड्यांत आम्हीं एका जाड कागदावर लिहून ठेवलें कीं, हा अडकित्ता वाईच्या घरांतला. आजीनें व नंतर आईनें वापरला. उजवें पातें एकदां बदललेलें आहे. कागद त्यासच दोऱ्यानें बांधला. संध्याकाळीं पाहतों तों मुलीनें त्याखालीं आपल्या अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली होती: “शेजारच्या काकूंचा लामणदिवा, मोराचा. परत करावयाचा राहिला.”